क्रेनवर पाणी प्यायचं नाही

३ फेब्रुवारी

आजपासून एक नंबरची क्रेन माझी. इतकी वर्षं लोखंडाच्या गोदामात छताखालची क्रेन चालवली, पण ते म्हणजे घरातल्या घरात चालल्यासारखं. ही क्रेन उघड्यावर, इमारतीच्याही डोक्यावर. शिडी चढताना दोनदा दम घ्यायला थांबले. केबिनमध्ये पोचल्यावर आधी खुर्ची माझ्या मापाने पुढे ओढली. मगच वॉकीटॉकीवर ‘तयार’ म्हटलं.

समोरच्या दोन नंबरच्या क्रेनवर उस्ताद आहेत. हजेरीच्या यादीत त्यांचं खरं नाव असेलच, पण साइटवर कोणी घेत नाही. साठीला टेकलेले, उंच, बोलणं मोजकं. मान वर केली की त्यांची केबिन दिसते.

सकाळी माझा सुरक्षापट्टा बघून म्हणाले, “हा तुमच्या मापाचा नाही, बाई.” ते मलाही कळत होतं. साइटवरचे सगळे पट्टे पुरुषांच्या मापाचे. खांद्यावर ढिला, छातीवर काचतो. मी म्हटलं, चालेल. त्यावर नुसती मान हलवून निघून गेले. पहिल्याच दिवशी माझ्यात खोट दिसली असणार.

हे लिहून ठेवायचं कारण एवढंच की वर दिवसभर बोलायला कोणी नसतं. कानात पोपट असतो, पण तो कामाचंच बोलतो. पोपट म्हणजे खालून इशारे देणारा सिग्नलवाला. पन्नाशीचा माणूस, दिवसभर ‘वर घ्या, खाली घ्या, जरा डावीकडे’ चालू असतं म्हणून हे नाव.

६ फेब्रुवारी

खरी अडचण वेगळीच निघाली. संडास खाली, गेटजवळ. उतरून परत वर यायचं म्हणजे अर्धा तास जातो, तेवढा वेळ खाली मिस्त्री लोक हात बांधून बसतात आणि वर बघतात. ट्रेनिंगमध्ये वारा, वजन, साखळ्या, सगळं शिकवलं. हे शिकवायला विसरले, कारण शिकवणारे पुरुष होते आणि पुरुष केबिनमध्ये बाटली ठेवतात. बाटलीचं मला पोपटने सांगितलं, तेही सिमेंटच्या गोण्यांकडे बघत.

मग मी माझी सोय केली. सकाळी निघताना अर्धा कप चहा, नंतर जेवायला उतरेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बायकांना काय, सवयच असते. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की त्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायच्या. अगदी अभिमानाने सांगत होत्या.

११ फेब्रुवारी

हात बसला आता. आज जिन्याचा तयार तुकडा तीन भिंतींच्या मधल्या जागेत असा उतरवला की खालच्या मिस्त्रीने अंगठा वर करून दाखवला. नवऱ्याला घरी आल्याआल्या सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला यातली गंमत कळते.

पण उस्तादांचं काही खरं नाही. दर थोड्या वेळाने त्यांच्या केबिनचं दार उघडतं आणि ते शिडीवर दिसतात. खाली जाऊन पुरुषांच्या संडासात बसले की बसले. बाहेरून लोक दार वाजवतात, टोमणे मारतात. पोपटच्या मते आत फोनवर गप्पा मारत असतात. म्हणजे मी घसा कोरडा करून पूर्ण पाळी ओढायची आणि यांनी अनुभवाच्या जोरावर मजेत खाली-वर करायचं. एखाद्या बाईने असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवली असती.

१८ फेब्रुवारी

साइटवर ‘पाळी’ हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. सकाळची पाळी, दुपारची पाळी, कोणाची पाळी बदलली, कोणाची चुकली. माझी आज आली. तिच्याबद्दल मात्र चकार शब्द काढायची सोय नाही. दोनदा उतरावं लागलं. पोपटला सांगितलं, वॉकीटॉकीची बॅटरी बदलायची आहे. दुसऱ्यांदा तो म्हणाला, बॅटऱ्या आजकाल फारच टाकाऊ येतात. त्याला कळलं की नाही, देव जाणे.

दुपारी थर्मासमधला चहा उस्तादांपुढे केला. नको म्हणाले. पाणी विचारलं, तेही नको. माझ्या हातचं घोटभर पाणीसुद्धा चालत नाही या माणसाला. बाई क्रेनवर चढली हे त्यांना पचलेलं नाही, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस लघवीला जळजळ होते आहे. वरच्या गार वाऱ्याने असेल. नवरा म्हणाला, साहेबांना सांगून मध्ये एक सुट्टी मागून घे. मी म्हटलं, इथली पहिली बाई मी. पहिलीनेच सवलत मागितली तर दुसरीला कोण घेणार? तो म्हणाला, तू आजारी पडलीस तर तरी दुसरीला कोण घेणार आहे? मी भांडी घासायला घेतली.

२७ फेब्रुवारी

काल वर असताना हुडहुडी भरली. विटांचा ठोकळा हळू टेकवायचा तो दाणकन टेकला. कोणाला लागलं नाही, पण विटा फुटल्या. साहेबांनी खाली बोलावून विचारलं, झेपतंय ना? साहेब म्हणजे साइटचे इंजिनिअर, माणूस वाईट नाही. पण ते ‘झेपतंय ना’ मला विटांपेक्षा जड गेलं. तापाचं सांगितलंच नाही.

आज डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी किती पिता. मी सांगितलं तसा पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, आठवडाभर घरी बसायचं. मला का आणि वरच्या पुरुषांना का नाही, असं विचारलं तर कागदावर आकृती काढून समजावलं. बाईची लघवीची नळी अगदी आखूड असते, जंतूंना लांब जावं लागत नाही. पुरुषाची लांब, म्हणून तरुणपणी तो सुटतो. त्याचं दुखणं म्हातारपणी येतं. तिथली एक ग्रंथी वाढते आणि वाट आवळते. मग सारखं जावं लागतं, गेलं तरी मोकळं होत नाही, बसून राहावं लागतं. आणि पुरुष ते कोणाला सांगत नाहीत, पाणी पिणं कमी करतात आणि आणखी वाढवून ठेवतात, असंही म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, मला पुरुषांच्या दुखण्याचं काय करायचंय. माझं बघा.

साइटवर साधा ताप म्हणून कळवलं.

७ मार्च

परत रुजू झाले. आल्याआल्या साहेबांकडे गेले आणि धीर करून सगळं सांगून टाकलं, म्हणजे जेवढं सांगवलं तेवढं. माझं मागणं मोठं नव्हतं. क्रेनचा खांब जिथे इमारतीला बांधलेला आहे तिथून जवळच्या मजल्यावर फळ्यांचा, कठडे असलेला रस्ता टाकायचा आणि त्या मजल्यावर एक संडास ठेवायचा. म्हणजे जमिनीपर्यंत उतरावं लागणार नाही. साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण असा रस्ता म्हणजे वरची मंजुरी आली, नकाशे आले, दोन महिने धरून चाला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे जमले असताना त्यांनी उस्तादांना विचारलं, “तुम्ही आयुष्य काढलंत वर. तुम्हाला कधी अशी गरज वाटली का?”

उस्ताद आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नाही.”

मागे दोघंतिघं हसले. मला वाटलं होतं, निदान ‘बाईंची अडचण वेगळी आहे’ एवढं तरी म्हणतील. दिवसातून इतक्यांदा शिडी उतरणारा माणूस तोंड वर करून नाही म्हणतो! म्हणजे तोंड वरही केलं नाही. अंगाची नुसती आग झाली.

८ मार्च

उस्तादांशी बोलले नाही. बाटलीभर पाणी वर नेलं आणि लागेल तेव्हा सरळ उतरले. पोपटला आता बॅटरी सांगत नाही, ‘उतरते आहे’ एवढंच सांगते. लोक बघतात, बघू देत.

संध्याकाळी स्टोअरवाल्याने नवीन पट्टा हातात दिला, छोट्या मापाचा. घालून बघितला, अगदी मापात बसला. तो म्हणाला, उस्ताद पहिल्या दिवसापासून माझ्या मानगुटीवर बसले होते, बाईंच्या मापाचा मागव म्हणून. हा माणूस मला कळत नाही.

१३ मार्च

हात अजून दुखताहेत, पण आजचं आजच लिहिलेलं बरं.

माझ्या क्रेनच्या दोराची तपासणी होती म्हणून सकाळी मी खालीच होते. दोन नंबरवर उस्ताद सळ्यांचा भारा उचलत होते. भारा वरच्या स्लॅबच्या बराच वर, मधोमध आला आणि थांबला. पोपट ‘खाली घ्या’ म्हणत राहिला. वरून उत्तर नाही. मग उस्तादांचा आवाज आला, ‘माणसं काढा’, बस एवढंच. पोपटने शिट्टी मारून स्लॅबवरची माणसं बाजूला घेतली. भारा अधांतरी, वाऱ्याने हळूहळू फिरत होता.

साहेब फोन करत होते, कोणाला ते मला माहीत नाही. मी पट्टा आवळला आणि म्हटलं, मी वर जाते. ते म्हणाले, थांबा, विचारून घेऊ. मी म्हटलं, ही क्रेन चालवता येणारी साइटवर दुसरी मीच आहे, कोणाला विचारणार? आणि शिडीला लागले. यावेळी मध्ये कुठे थांबले नाही.

उस्ताद खुर्चीत दुमडून बसले होते. घामाने निथळत होते, ओठ दाताखाली धरलेले. मला वाटलं, छातीत कळ आली. मी हात छातीकडे नेला तर त्यांनी तो बाजूला केला आणि आपला हात ओटीपोटावर ठेवला. सदऱ्यावरूनही तिथला फुगवटा दिसत होता. पायाशी बाटली होती, रिकामी.

“सकाळपासून थेंब नाही,” म्हणाले. “उतरवत नाही आता. खाली सांगू नका.”

एवढं ऐकल्यावर डॉक्टरबाईंचा तो कागद डोळ्यांपुढे आला. महिनाभर रोज पाहिलेलं सगळं भराभर आठवायला लागलं आणि मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, भारा लोंबकळत होता.

त्यांना कसंबसं कोपऱ्यात सरकवलं. खुर्ची त्यांच्या लांब पायांच्या बेताने मागे नेलेली, ती पुढे घ्यायची कळ घाईत सापडेना. म्हणून अर्धवट उभं राहूनच दोन्ही दांडे धरले. आधी भारा फिरायचा थांबू दिला. मग पोपटला म्हटलं, मी आहे, बोलत राहा. तो बोलत राहिला, मी उतरवत राहिले. भारा टेकला तेव्हा त्याचा आवाज एवढ्या वरही ऐकू आला.

मग उस्तादांना उतरवायचं. पूर्ण शिडी त्यांना झेपणार नव्हती हे दिसतच होतं. मी वॉकीटॉकीवर साहेबांना म्हटलं, खांब इमारतीला बांधलाय तिथे फळ्या टाका, तेवढं मी उतरवते. मी खालच्या बाजूला राहिले. त्यांचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत गेले. हाताला माझा आणि त्यांचा दोघांचाही भार येत होता. मध्येच ते कण्हायचे आणि लगेच माफ करा म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, आता माफीबिफी बंद करा, पाय उचला.

आम्ही तिथवर पोचलो तेव्हा फळ्या टाकलेल्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडेही बांधून झाले होते. मंजुरीला दोन महिने लागणारा रस्ता. तिथून मजल्यावर, मजल्यावरून मालाच्या लिफ्टने खाली, खाली गाडी उभीच होती.

साहेबांनी विचारलं, नेमकं काय झालं. मी म्हटलं, पोटात दुखत होतं.

१५ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. नळी घातली आहे, पिशवी पलंगाला लावलेली. माणूस मात्र दहा वर्षांनी तरुण दिसत होता. काकू, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे तक्रार करायला लागल्या. वर्षभर हे रात्रीचे पाच-पाचदा उठतात, विचारलं तर म्हणायचे, झोप लागत नाही. मला वाटलं, धाकटीच्या लग्नाची काळजी लागली आहे. मी वेडी दोन ठिकाणी स्थळं बघून आले. उस्ताद छताकडे बघत होते.

काकू औषधं आणायला गेल्यावर मी विचारलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये नाही का म्हणालात?

आधी पिशवीची नळी सरळ केली. मग म्हणाले, “हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी खाली बसवलं असतं. म्हातारा झाला, म्हणाले असते. खाली बसून मी काय करू?”

“मी आजारी असून वर जात होते, ते याच भीतीने,” मी म्हटलं. “मला बाई म्हणून खाली बसवलं असतं.”

“तू तरी मागितलंस.”

पहिल्यांदाच तू म्हणाले. मी त्यांच्याबद्दल काय काय समजत होते ते सांगितलं, संडासात फोनवर बोलण्यापासून माझा चहा नको म्हणण्यापर्यंत. चहाचं ऐकून हसले आणि नळी ओढली गेली म्हणून लगेच कळवळले. म्हणाले, तुझ्या चहाचा वास रोज यायचा, जीव जायचा. पण एक कप प्यायलो असतो तर तीनदा उतरावं लागलं असतं.

निघताना त्यांनी शब्द घेतला, साइटवर कोणाला कळू द्यायचं नाही. मी दिला. द्यायला नको होता, असं वाटेत वाटलं.

२१ मार्च

मंजुरी आली! माझ्या क्रेनवरून मजल्यावर पक्का रस्ता, आणि मजल्यावर संडास. साहेब खूश होते. पत्रात ‘महिला कर्मचाऱ्यासाठी विशेष सुविधा’ असं लिहून आलं आहे. मी विचारलं, दोन नंबरचं काय? त्या फळ्या तर टाकलेल्याच आहेत. साहेब म्हणाले, त्या तात्पुरत्या होत्या, काढून टाकल्या. उस्तादांनी तर सगळ्यांसमोर सांगितलंय, गरज नाही म्हणून.

खरं काय ते सांगता येईना. शब्द दिलेला.

नवऱ्याला घरी सांगितलं. तो म्हणाला, मग तुझं काम तर झालं. झालं खरं. पण जेवण गोड लागलं नाही.

२८ मार्च

उस्तादांच्या जागी एक बदली ऑपरेटर आला आहे. बाटलीवाला. माझ्या संडासाकडे बघून म्हणाला, बायकांची मजा आहे. मी त्याला वय विचारलं. बत्तीस म्हणाला. मनात म्हटलं, अजून वेळ आहे.

उस्तादांना फोन केला आणि दोन नंबरच्या फळ्या काढल्याचं सांगितलं. ते म्हणाले, बरं. एवढंच.

१० एप्रिल

उस्ताद आज परत आले. नळी निघाली, गोळ्यांवर भागलं आहे, डॉक्टरांनी चढायची परवानगी दिली. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांचं स्वागत केलं. पोटाचं दुखणं बरं झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब दिवसाची कामं सांगायला लागले.

उस्ताद म्हणाले, “एक सांगायचं आहे.”

सगळे वळले. ते समोर येऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. क्रेन कशी चालवायची हे नवीन माणसाला सांगावं तसं सांगितलं.

“मला पोटात दुखलं नव्हतं. लघवी अडली होती. वर्षभर त्रास होता, मी लपवला. इथे उभं राहून खोटं बोललो. या बाईंच्या मागण्याला मी हो म्हटलं असतं तर तो भारा त्या दिवशी तुमच्या डोक्यावर लटकला नसता. मला दोन नंबरवर रस्ता हवा आहे. वय झालं की पुरुषाला हे होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना होणार आहे. काहींना झालंही असेल.”

मी मागच्या लोकांकडे बघितलं. म्हटलं, आता कोण हसतं बघू. कोणी हसलं नाही. उलट तिघंचौघं एकदम जमिनीकडे बघायला लागले, त्यात साहेबही.

साहेब म्हणाले, आज फळ्या टाकून घेतो. मंजुरीचं नंतर बघू.

दुपारपर्यंत फळ्या टाकून झाल्या. मी वर होते. उस्ताद केबिनमधून बाहेर आले, थोडंसं उतरले, फळ्यांवरून चालत मजल्यावर गेले आणि सावकाश परत आले. घाई नव्हती. माझ्याकडे बघून हात केला. मी बाटली उचलून दाखवली आणि पाणी प्यायले.

नंतर काम जोरात सुरू होतं. माझ्या दोराला खिडक्यांच्या चौकटी लागल्या होत्या. तेवढ्यात कानात पोपटचा आवाज आला, पण नेहमीचा नाही, अगदी हळू.

“उस्ताद, ते तुमचे डॉक्टर रविवारी असतात का?”

त्याच्या लक्षात आलं नसावं की बटण दाबलं की ते सगळ्या साइटला ऐकू जातं. किंवा लक्षात आलंही असेल.

“असतात,” उस्ताद म्हणाले. “सकाळी. लवकर जा, गर्दी असते.”

मग आणखी एक आवाज आला, कोणाचा ते ओळखू आलं नाही, काँक्रीटच्या पंपाकडचा असावा.

“पत्ता सांगा जरा.”

उस्तादांनी पत्ता सांगितला. मग सावकाश, लिहून घेता येईल असा, पुन्हा सांगितला. तोवर माझ्या चौकटी हवेतच थांबल्या होत्या. मला कोणी खाली घ्या म्हणालं नाही, मीही घाई केली नाही.